आधी माणूस, मग बेल

आमच्या मेहुण्यांइतका क्रमानं जगणारा माणूस रोह्यात झाला नाही, पेणमध्ये होणं शक्य नाही, आणि मधल्या कासू-नागोठण्याची मी चौकशी केलेली नाही, पण तिथेही नसावा. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ती त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणतो. आधी उजवा मोजा घालायचा की डावा, याबद्दल तुमचं-आमचं काही मत नसतं. दादांचं असतं, आणि ते कारणांसकट असतं. सकाळी उठल्यावर ते आधी चष्मा लावतात आणि मगच घड्याळाकडे बघतात. यात काय विशेष, असं मी एकदा म्हटलं, तर ते शांतपणे म्हणाले, "चष्म्याशिवाय घड्याळ बघितलं तर वेळ दिसत नाही असं नाही, भावोजी. दिसते. पण चुकीची दिसते, आणि ती चुकीची आहे हे कळायला चष्मा लागतो." त्या दिवसापासून मीही आधी चष्मा शोधतो. या माणसाची चेष्टा करता करता आपण कधी त्याच्यासारखे वागायला लागतो ते कळत नाही.

गंमत म्हणजे दादांचं पोट याच खोडीवर चालतं. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर चित्रबित्र दिसायच्या आधी सगळ्यात आतला एक प्रोग्रॅम उठतो आणि बाकीच्यांना एकेक करून उठवतो. त्याला कर्नल म्हणतात. तो शेकडो माणसांनी मिळून लिहिलेला असतो, आणि शेकडो माणसांनी मिळून स्वयंपाक केला तर आमटीचं जे होईल ते त्याचंही मधूनमधून होतं. एखादा भाग अजून तयारच झालेला नसतो आणि दुसरा कोणीतरी त्याला कामाला जुंपतो. असल्या जागा हुडकून काढायच्या, हे दादांचं काम. एका कंपनीसाठी ते रोह्याच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून हे करतात, आणि तेही नुसतं वाचून. "चालवून बघितलं की कळत नाही का?" असं मी विचारलं होतं. "चालवलं की चालतं, हीच तर पंचाईत आहे," ते म्हणाले. "तो भाग नशिबानं वेळेत तयार झालेला असतो. एखाद्या दिवशी होत नाही. मग पडदा काळा, आणि लोक म्हणतात मशीनच खराब आहे." चूक सापडली की दादा दोन ओळींची अदलाबदल करतात आणि ती का केली याचं दोन पानी निवेदन जोडून पाठवतात. पलीकडून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, आजवर कधी अडलं का? या प्रश्नाचा दादांना जेवढा राग येतो तेवढा शिवीचा येत नसेल.

या धंद्यातली एक फार जुनी चूक त्यांनी मला समजावून सांगितली आहे. नवं यंत्र जोडलं की 'माझ्याकडे काम आहे' अशी हाक ते मारतं. त्या हाकेला ओ देणारा अजून जागेवर नसताना लोक हाक मारायची सोय आधीच चालू करून ठेवतात. ऐकून आपण 'असं होय' म्हणतो आणि चहा पितो. दादांनी घरी जाऊन दारावरच्या बेलला आतून एक बटण बसवून घेतलं. अंघोळ झाली, कपडे झाले, चष्मा डोळ्यावर आला, की ते बटण चालू करतात. तोवर दाबणाऱ्यानं कितीही दाबावं. आधी माणूस, मग बेल. संध्याकाळी कपडे बदलायच्या आधी बेल बंद. वहिनी सगळ्यांना सांगतात, "आमच्याकडं बेलची पण अंघोळ व्हावी लागते, त्याबिगर ती वाजत नाय." दूधवाला बिचारा कडी वाजवतो. "मग कडीचं काय?" मी विचारलं. दादा म्हणाले, "कडी माझ्या अखत्यारीत येत नाही."

रविवारी ते मेमू लोकलनं पेणला आमच्याकडे येतात. आले की छत्री दाराशी, पिशवी खुंटीला, चष्म्याचं घर टेबलावर, आणि मग पाणी. निघताना हेच सगळं बरोबर उलट: आधी चष्म्याचं घर, मग पिशवी, शेवटी छत्री. मांडलं त्याच्या उलट आवरायचं, म्हणजे काही मागे राहत नाही, असा त्यांचा नियम आहे. एकदा बायकोनं त्यांची ओली छत्री वाळत घातली आणि निघताना आपण होऊन हातात दिली. दादांच्या हातात छत्री आधी आली. त्यांनी ती पुन्हा दाराशी ठेवली, टेबलापाशी गेले आणि पहिल्यापासून निघाले. तोवर मेमू गेली. पण इतक्या वर्षांत त्यांचं साधं रुमालाएवढं काही आमच्याकडे विसरलेलं नाही, हे मला मान्य करावं लागतं.

माझा गणपतीचा कारखाना आहे. पेणचा माणूस म्हटल्यावर यात सांगण्यासारखं काही नाही. दादा कारखान्यात आले की त्यांना फार बरं वाटतं, कारण तिथे सगळंच क्रमानं चालतं. माती मळायची, साच्यात भरायची, हात-सोंड जोडायची, सुकवायची, पांढरा हात द्यायचा, मग रंग, आणि डोळे सगळ्यात शेवटी. "डोळे शेवटी का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "डोळे आखले की मूर्ती बघायला लागते, दादा. मग तिच्यासमोर कान रंगवताना संकोच वाटतो." त्यावर ते बराच वेळ रांगेतल्या बिनडोळ्यांच्या मूर्तींकडे बघत उभे राहिले. "म्हणजे बेल शेवटी," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझी पत वाढली.

आता त्यांच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. तो कोलाडला हायवेवर छोटं हॉटेल चालवतो. एकाच आईच्या पोटी हे दोघं कसे जन्मले, हे कोडं आहे. धाकट्याचा क्रमाशी काडीचा संबंध नाही. हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की आमच्याकडे पोपटी लावायची. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी-बटाटे, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. दादा शेजारी उभे राहून प्रत्येक थर तोंडानं म्हणत. धाकटा हाताला येईल ते आत टाकी. एकदा मडक्याचं तोंड बंद केल्यावर त्याला मीठ आठवलं, तर त्यानं पाला थोडा उचकटून मूठभर मीठ आत भिरकावलं. पोपटी अशी झाली की शेजारी वास काढत आले. "चव आली ना, दादा? मग झालं तर," धाकटा म्हणाला. दादा शेंग सोलत म्हणाले, "या वेळी आली." दोघंही हसले. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम होतं, आणि ते असंच भांडत असायचं.

ते चार वर्षांपूर्वी तुटलं. वडील गेल्यावर घरचा गणपती रोह्याला दादांकडे बसायला लागला, आणि पेणहून मूर्ती हातात धरून न्यायची हा धाकट्याचा मान. त्या वर्षी मी त्यांच्याबरोबर होतो. मूर्ती दारात आली की आणणाऱ्याच्या पायावर पाणी आणि दूध घालायचं, मूर्तीला ओवाळायचं, आणि मगच उंबरठा ओलांडायचा. वहिनी दूध आणायला आत गेल्या होत्या आणि पाऊस आडवा येत होता. धाकट्यानं क्षणभर वाट बघितली आणि मूर्ती घेऊन सरळ आत आला. दादा म्हणाले, "क्रम चुकला. बाहेर जाऊन पुन्हा ये." घरात वीसेक माणसं होती. धाकटा बाहेर गेला, मूर्ती ओट्यावर ठेवली, वरून रुमाल नीट पांघरला आणि टेम्पोत बसून कोलाडला निघून गेला. मूर्ती शेवटी मी उचलून आत नेली. शाडूची कच्ची मूर्ती आडव्या पावसात दारात ताटकळत ठेवायची नसते, हे त्या घरात सगळ्यात जास्त मला कळत होतं. पण मी जावई माणूस. मी बोललो नाही.

तेव्हापासून दोघं वाट बघत होते. धाकटा म्हणायचा, "दादानं बोलवलान की येन. हाकलल्या घरात बोलावल्याबिगर कसा जाऊ?" दादा म्हणायचे, "घरच्या गणपतीला घरच्या माणसाला आमंत्रण देतात का? तो येऊ दे, मग मी बोलेन." दोन्ही बाजू मला पटायच्या, त्यामुळे माझा कोणालाच उपयोग नव्हता. चार वर्षं मूर्ती मीच पोचवली. कारखानदारानं स्वतः मूर्ती उचलून गिऱ्हाइकाच्या घरी न्यायची, हे पेणमध्ये ऐकिवात नाही. आमची ही दर चतुर्थीला मोदक करताना कोलाडचे अकरा वेगळे काढायची आणि संध्याकाळी न बोलता आमच्याच ताटात वाढायची. रोहा ते कोलाड अर्ध्या तासाचाही रस्ता नाही. पण ते अंतर मिटलं नाही तर हे दोघं असेच म्हातारे होतील, याचा तिनं धसका घेतला होता.

यंदा आषाढातल्या एका रविवारी दादा आमच्याकडे जेवायला आले ते भलतेच खुशीत. त्यांना एक चूक सापडली होती, आणि तसली त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदाच सापडत होती. ताटातल्या दोन रिकाम्या वाट्या त्यांनी पुढे ओढल्या. "ही वाटी म्हणजे वीजपुरवठा सांभाळणारा भाग," ते म्हणाले, "आणि ही म्हणजे ठोका देणारा, मशीनचं घड्याळ म्हणा. वीजवाला म्हणतो, ठोका सुरू झाला की मी उठेन. ठोकेवाला म्हणतो, वीज आली की मी उठेन. दोघंही आपापल्या जागी नियमानं वागतात. चूक एकाचीही नाही. आणि मशीन उठत नाही."

"किती वेळ?" मी विचारलं.

"किती वेळ म्हणजे? कधीच नाही. तुम्ही बंद करेपर्यंत."

बायको बिरड्याचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "मग सोडवतोस कसं?"

"एकानं अर्ध्या तयारीत उठायचं," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "पूर्ण तयारी नाही, पण मी आहे, एवढं तरी सांगायचं. तेवढ्यावर दुसरा उठतो, आणि मग पहिल्याची राहिलेली तयारी होते."

"पण कुठल्या एकानं?"

"ज्याच्यावर जास्त जण विसंबून असतात, त्यानं."

बायकोनं पातेलं खाली ठेवलं. दोन्ही वाट्यांकडे बघत ती म्हणाली, "दादा, यातली कोलाडची वाटी कुठली?"

तिनं एका वाटीत बिरडं वाढलं, ते दादांनी खाली मान घालून खाल्लं. दुसरी वाटी तशीच राहिली. हात धुऊन ते निघाले, आणि ते गेल्यावर दहा मिनिटांनी आम्हाला दिसलं, की चष्म्याचं घर टेबलावर आहे, पिशवी खुंटीला आहे आणि छत्री दाराशी आहे. बाहेर पाऊस चांगला कोसळत होता. मी छत्री घेऊन स्टेशनकडे निघालो, तर बायको म्हणाली, "राहू दे. जाऊ दे त्याला तसाच."

आमच्याकडे मूर्ती सांगताना घरचा पाट आधी कारखान्यात आणून द्यायचा असतो, म्हणजे मूर्ती त्या पाटावरच तयार होते. दादांकडचा पाट फणसाचा, वडिलांच्या वेळचा, एका कोपऱ्याला निरांजनानं जळल्याचा डाग असलेला. दर वर्षी कारखान्यात पहिला पाट दादांचा येतो. यंदा दहा पाट आले, वीस आले, दादांचा नाही. त्या रविवारनंतर ते पेणला फिरकलेही नव्हते. मी फोन करणार होतो, एवढ्यात एका दुपारी दारात मोटारसायकल थांबली आणि धाकटा उतरला. बगलेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते सोडलं, तर जळका कोपरा आधी दिसला.

"दादा आलेला हाटेलात," तो बसायच्या आधीच म्हणाला. "गिऱ्हाईक व्हतं. बाकड्यावर बसला. मी भजी दिली, ती खाल्लान. मग ह्यो पाट काढलान आन् माझ्यापुढं ठेवलान."

"काही बोलले का?"

"बोलला. म्हणं, 'पूर्ण तयारी नाय झाली माझी. पण मी हाय.' आन् भिजत गेला. छत्री पण नाय जवळ."

छत्री माझ्याकडे कोपऱ्यात उभी होती. मी तिकडे बघायचं टाळलं. "आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? चाय घेतोस काय, म्हटलं. तर म्हणाला, चाय नंतर." तो पाटावरून तळवा फिरवत राहिला. "भावोजी, ह्याला तुम्ही बोलावणं म्हणाल काय?"

"नाही," मी म्हटलं. "अर्धंच आहे."

"व्हय, मला पण अर्धाच वाटला," तो म्हणाला आणि पाट माझ्या हातात दिला. "पर मी आलोय."

मी जन्मभर मूर्ती घडवल्या, पण त्या पाटावरची मूर्ती घडवताना जेवढा जपलो तेवढा कधी जपलो नाही. डोळे मी स्वतः आखले.

चतुर्थीला सकाळी मूर्ती घेऊन आम्ही रोह्याला पोचलो, तेव्हा पुन्हा तोच पाऊस, तसाच आडवा. दारात स्टुलावर सगळं मांडलेलं होतं: तांब्या, दुधाची वाटी, निरांजन, अक्षता. मांडणी कोणाची ते सांगायला नको. दादा ओलेत्यानं पंचा नेसून उभे होते. नेमकं निरांजन वाऱ्यानं विझलं आणि वहिनी काडेपेटी शोधायला आत गेल्या. धाकटा उंबरठ्याच्या अलीकडे थांबला. या वेळी त्यानं पाऊल उचललं नाही. पाठीनं पाऊस अडवत, मूर्ती छातीशी धरून तो उभा राहिला. मूर्तीवरचा रुमाल भिजून सोंडेला चिकटत होता. माझा जीव मूर्तीत अडकला होता, पण मी बघत होतो दादांकडे. त्यांनी स्टुलाकडे बघितलं, विझलेल्या निरांजनाकडे बघितलं, मग भावाकडे.

"आत ये," ते म्हणाले.

"पाय धुवायचेत, दादा."

"आधी आत ये."

धाकटा आत आला. मूर्ती जागेवर बसली. मग दादांनी तांब्या उचलला, घराच्या आत, मधल्या फरशीवर भावापुढे खाली बसले आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं, दूध घातलं, पुन्हा पाणी घातलं. "दादा, फरशी भिजतेय," धाकटा म्हणाला. दादा म्हणाले, "भिजू दे." तोवर निरांजन आलं, वहिनींनी ओवाळलं, आणि ओवाळताना त्यांना नीट दिसत नव्हतं. आमची ही तर सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. अकरा मोदक ती डब्यात भरून घेऊनच आली होती.

"देव बसला ना जागेवर? मग झालं तर," धाकटा पाय पुसत म्हणाला.

"या वेळी बसला," दादा म्हणाले.

आरती झाल्यावर दादा आणि मी ओट्यावर उभे होतो. आतून धाकट्याचा आवाज येत होता, कोणाला तरी तो हायवेवरच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत होता. मला राहवेना. मी म्हटलं, "दादा, त्या वर्षी तो बरोबर होता. तो आत आला नसता तर मूर्ती दारातच विरघळायला लागली असती. मला तेव्हाच कळत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्ही विचारलंत की सांगेन."

दादा माझ्याकडे वळले. "चार वर्षं?"

"चार वर्षं."

त्यांनी चष्मा काढला, पंच्याच्या सोग्याला पुसला आणि परत लावला. "म्हणजे वाट्या तीन होत्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. चार गणपती आले आणि गेले. ते काही कोणाला परत मांडता येणार नाहीत.

निघताना मी त्यांची छत्री, पिशवी आणि चष्म्याचं घर त्यांच्या हातात दिलं. कुठल्या क्रमानं दिलं ते मला आठवत नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. चप्पल घालताना माझं लक्ष दाराशेजारच्या बटणाकडे गेलं. दादा अजून ओल्या पंच्यातच होते, सदरा अंगात नव्हता, केस विस्कटलेले होते, आणि बेल चालू होती. चेष्टा करायला इतकी चांगली संधी पुन्हा आली नसती. पण मी नुसतं "येतो, दादा" म्हटलं आणि पावसात उतरलो.